गायकवाड वाडा ते केसरीवाडा

पुण्याच्या नारायण पेठेत, रमणबाग चौकाच्या परिसरात, केसरीवाडा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो प्रामुख्याने दोन कारणांनी माहीत असतो. एक म्हणजे लोकमान्य टिळकांचे घर आणि ‘केसरी’च्या कचेरीचे ठिकाण म्हणून, दुसरे म्हणजे पुण्याच्या मानाच्या पाचव्या गणपतीचे स्थान म्हणून. या दोन्ही ओळखी १९०५ नंतरच्या आहेत. त्याआधी ही वास्तू गायकवाड वाडा या नावाने ओळखली जात होती, आणि तिचे मालक होते बडोद्याचे गायकवाड.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा ते कसे पडले, कसे जळाले, त्यांच्या जागी कोणती इमारत आली, हेच बोलतो. केसरीवाडा वेगळा आहे तो इथेच. तो राहिला. कसा राहिला हे समजून घ्यायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पुण्याचा वाडा बांधला कसा जाई, ही पहिली. आणि बांधल्यानंतर त्याला काम काय होते, ही दुसरी. दगडी जोते वाड्याला शतकभर सहज तोलते. पण वाड्याला काम उरले नाही तर त्या जोत्यावर काहीच शिल्लक राहत नाही, हे पुण्याने अनेकदा पाहिले आहे.

नदीकाठची पेठ

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६१ ते १७७२ या काळात, मुठा नदीच्या उजव्या काठावर नारायण पेठ वसली. माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांच्या नावाने ती ओळखली गेली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला सदाशिव पेठ, तिसरीकडे शनिवार पेठ, असा तिचा साधारण आकार. पेशवाईतली पेठ आधी कागदावर आखली जाई. कोणाला कुठे जागा द्यायची, बाजार कुठे भरवायचा, जकात किती माफ करायची, हे ठरवून वस्तीला उत्तेजन दिले जाई. पेठेतल्या देवळांच्या नावांतही त्या काळाच्या खुणा उरल्या आहेत. मोदी गणपती हे नाव इंग्रज रेसिडेंटाच्या पदरी असलेल्या खुश्रूशेट मोदी यांच्या बागेवरून आले. माती गणपती, पत्र्या मारुती ही नावे आजही पत्ता सांगताना उपयोगी पडतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे ही मराठी सत्तेची प्रत्यक्ष राजधानी होती. छत्रपती साताऱ्याला होते, पण फौजेचा खर्च, सरंजामाच्या सनदा, वारसाहक्काचे तंटे, नजराणे हा सगळा व्यवहार पुण्यात होई. त्यामुळे प्रत्येक मोठ्या सरदाराला पुण्यात घर असणे भाग होते. विंचूरकर, रास्ते, पुरंदरे, मुजुमदार, होळकर, शिंदे, गायकवाड अशा घराण्यांचे वाडे शहराच्या निरनिराळ्या भागांत उभे राहिले. १७८० च्या सुमारास नाना फडणवीसांनी शनिवारवाड्याजवळ आपला वाडा बांधला. या वाड्यांत माणसे राहत; पण त्याहून अधिक म्हणजे तिथून कारभार चाले. कारकून बसत, वकील येत, हुंड्या वटत, घोडी बांधली जात.

गायकवाडांचे आणि पुण्याचे नाते

गायकवाड घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातील दावडीचे. सेनापती दाभाड्यांच्या पदरी राहून त्यांनी गुजरातेत पाय रोवले आणि पुढे बडोदे हे त्यांचे ठाणे झाले. पेशव्यांशी त्यांचे संबंध कधी सलोख्याचे, कधी तलवारीचे. १७५१ मध्ये दमाजी गायकवाड चाल करून आले तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांना कैद केले. पुढे गुजरातच्या वाटणीचा करार झाला. दमाजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांत वारसाचा वाद पेटला आणि त्याचा निवाडा पुण्याच्या दरबारात व्हावा लागला. पुण्यात मुक्काम ठेवल्याशिवाय बडोद्याचे राज्य चालत नव्हते.

हा संबंध पेशवाईच्या अखेरपर्यंत कायम राहिला. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला जुना हिशेब मिटवण्यासाठी १८१४ मध्ये बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्या खुनाने दुसरे बाजीराव आणि इंग्रज यांच्यातला तणाव विकोपाला गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि पुण्यातल्या सरदारी वाड्यांचे मूळ काम एका महिन्यात संपले. सनदा देणारा दरबारच उरला नाही, मग सरदाराने पुण्यात घर कशासाठी सांभाळायचे?

दगड कुठपर्यंत, लाकूड कुठून

पुण्याच्या वाड्याला आपण सर्रास दगडी वाडा म्हणतो. नीट पाहिले तर दगड हा त्याचा फक्त खालचा भाग असतो. शनिवारवाड्यात हे ठळक दिसते. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झालेल्या आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याला त्या वेळी १६,११० रुपये खर्च आला होता. १८२८ च्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. आज आत फिरताना दिसतात ती दगडी जोती, हौद आणि कारंजी. बाहेरच्या तटालाही खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. दगडी तट बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून वरचे काम विटांत केले, अशी कथा पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी खाली दगड आणि वर वीट ही रीत साध्या वाड्यांतही होती, कारण ती बांधकामाच्या दृष्टीने शहाणपणाची होती.

पुण्याच्या भूमीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साठून दख्खनचे पठार तयार झाले. त्याचाच हा बेसाल्ट. तो अतिशय कठीण, पाणी कमी शोषणारा आणि दाब उत्तम सोसणारा. पण घडवायला अवघड. पाथरवटाला एक चिरा सरळ काढायला फार मेहनत पडे, आणि मेहनत म्हणजे खर्च. म्हणून जिथे दगडावाचून भागणार नाही तिथेच तो वापरला जाई: पाया, जोते, पायऱ्या, खांबाखालचे तळखडे, चौकातली फरसबंदी, हौद, विहिरीचे काठ आणि दर्शनी कमान.

पाया कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणला जाई. त्यावर जमिनीच्या वर दोन-तीन हात, मोठ्या वाड्यात त्याहून उंच, जोते बांधत. समोरच्या बाजूला घडीव चिरे आणि आत अनघड दगड व चुन्याचा भराव, अशी त्याची रचना. जमिनीतली ओल वर चढून लाकडापर्यंत आणि मातीच्या भिंतीपर्यंत पोहोचू नये, हे जोत्याचे मुख्य काम. वाळवीलाही ते अडवते. मुठेच्या काठावरच्या पेठेत, जिथे पावसाळ्यात जमीन ओलीच असते, तिथे या दोन-तीन हात दगडावर साऱ्या वाड्याचे आयुष्य अवलंबून असे.

चिरे सांधण्यासाठी चुना वापरत. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळूबरोबर दगडी घाणीत बैल लावून मळायची. चांगल्या कामासाठी त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, तागाचे तुकडे अशी द्रव्ये घालत. सिमेंटसारखा चुना एका रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो वर्षानुवर्षे मुरत जातो आणि मुरताना थोडा लवचिक राहतो. भिंत किंचित हलली तर चुन्याची दरज सावरून घेते. सिमेंटची दरज तडकते. जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केला की काही वर्षांत तो फुगून सुटू लागतो, कारण आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यात अनेक भिंती अशाच खराब झाल्या.

जोत्याच्या वर मात्र राज्य लाकडाचे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा राहतो. खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, आणि तक्तपोशीवर मातीचा थर देऊन वरच्या मजल्याची जमीन. या सांगाड्याचे सांधे खिळ्यांऐवजी खाचा आणि खुंट्यांनी घट्ट केलेले असतात. वाड्याचा भार हा सांगाडा पेलतो. भिंती त्याच्या भोवती भरलेल्या असतात: बाहेरून पातळ पेशवाई विटा किंवा दगड, आतून बहुधा पांढरी माती. त्यामुळे भिंत ढासळली तरी मजला तगू शकतो, आणि एक खांब कुजला तर तेवढाच बदलता येतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घराचे माप खणांत सांगत. अमक्याचा वाडा इतक्या खणांचा, असे सांगितले की ऐकणाऱ्याला त्याची ऐपत कळे.

सुताराने कौशल्य दाखवायची जागा म्हणजे दर्शनी खांब. खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब, दोन खांबांमधली लाकडी महिरप, तिच्या टोकाला लोंबणारे केळफूल, दारावरच्या पट्टीवर कोरलेला गणपती. या कलेचा पुण्यातला उत्तम नमुना म्हणजे दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास सुमारे दोन लाख रुपये खर्चून बांधलेला विश्रामबागवाडा. त्याचा लाकडी दर्शनी भाग बघितल्यावर पेशवाई सुतारकाम काय होते याची कल्पना येते.

दिंडीपासून परसापर्यंत

वाड्यात शिरायची वाट मुद्दाम टप्प्याटप्प्याने आखलेली असे. रस्त्याकडे जाड दरवाजा, त्यात वाकून जाण्यापुरती दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून. पूर्ण दरवाजा उघडायचा तो पालखी, घोडा किंवा लग्नाची वरात आली तर. दाराच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. रात्री दाराला आतून अडसर लागे. रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर खिडक्या क्वचितच असत.

देवडी ओलांडली की पहिला चौक. इथे बाहेरच्या लोकांचा वावर असे: कारकून, याचक, जासूद, देणेकरी, घेणेकरी. चौकाभोवती चारी बाजूंना सोपे असले की तो चौसोपी वाडा. सोप्यात बैठक, तिथे तक्के-लोड, तिथेच कारभार. त्याच्या मागे दुसरा चौक, घरातल्या माणसांचा. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, धान्याचे बळद. मोठ्या वाड्यात त्याच्याही मागे तिसरा चौक, तिथे पागा, गोठा, चाकरांच्या खोल्या आणि परसू. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. जिने भिंतीच्या जाडीतून काढलेले, अरुंद आणि चढे. कोनाडे, खुंट्या आणि फडताळे भिंतीतच असल्यामुळे खोलीत सामान कमी लागे.

चौकाचे काम केवळ मोकळी जागा ठेवण्याचे नव्हते. पेठेत वाड्याला वाडा लागून असल्याने बाजूच्या भिंतींत खिडकी काढता येत नसे. उजेड आणि वारा घरात यायचा तो चौकातूनच. उन्हाळ्यात दिवसा जाड मातीच्या भिंती ऊन धरून ठेवतात, ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि थंड हवा खाली उतरते. फरसबंदीवर पाणी शिंपडले की गारवा आणखी वाढतो. पावसाचे पाणी चारी उतरत्या छपरांवरून चौकात येते आणि उताराच्या मोरीने बाहेर जाते. विजेच्या पंख्याशिवाय पुण्याचा एप्रिल-मे निभावून नेणारी ही रचना होती.

प्यायच्या पाण्याचीही सोय शहराच्या पातळीवर झालेली होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावांतून जमिनीखालच्या दगड-विटांच्या नळाने शहरात पाणी आणले गेले. उताराच्या जोरावर ते वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी उंच बांधलेले उच्छ्वास हवेचा दाब मोकळा करत. सार्वजनिक हौद आणि काही मोठ्यांचे वाडे या नळाला जोडलेले होते.

१९०५: जुना वाडा, नवे काम

बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये दत्तक म्हणून सयाजीराव तिसरे बसले. त्यांचा जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. शिक्षण, ग्रंथालये, समाजसुधारणा यांत त्यांनी केलेले काम सर्वांना माहीत आहे. इंग्रजांना नकोशा झालेल्या अनेक देशभक्तांना त्यांचा छुपा आधार होता, हेही आता सर्वमान्य आहे. पुण्याचा गायकवाड वाडा १९०५ मध्ये त्यांच्याकडून टिळकांनी विकत घेतला.

टिळक तोपर्यंत सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात भाड्याने राहत होते. तिथेच त्यांचा कायद्याचा वर्ग चाले. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद पुण्यात त्यांच्याकडे उतरले ते विंचूरकर वाड्यातच. १८९४ मध्ये टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा गणपती बसवला तोही तिथेच. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांची मालकी मात्र वेगळ्या वाटेने त्यांच्याकडे आली. ही दोन्ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली: ‘मराठा’ इंग्रजीत, रविवारी २ जानेवारीला, ‘केसरी’ मराठीत, मंगळवारी ४ जानेवारीला. पुढे मतभेद झाले आणि १८९१ मध्ये टिळकांनी कर्जासह दोन्ही पत्रे स्वतःकडे घेतली.

एवढा पसारा सांभाळायला भाड्याची जागा पुरेना. छापखाना, कचेरी, ग्रंथ, कुटुंब, उत्सव आणि रोजची शेकडो माणसे, हे सगळे एका छताखाली हवे होते. सरदारी वाडा त्यासाठी जणू आधीच बांधून तयार होता. बाहेरचा चौक लोकांचा आणि आतला चौक घरचा, ही रचना वर्तमानपत्राच्या कामाला नेमकी लागू पडत होती. जिथे पूर्वी सनदा आणि हिशेब लिहिणारे कारकून बसले असते, तिथे आता लेख लिहिणारे, मुद्रिते तपासणारे आणि अंक बांधणारे बसू लागले. जिथे सरदाराच्या भेटीला येणारे थांबले असते, तिथे खेड्यापाड्यांतून येणारे कार्यकर्ते थांबू लागले. गणपतीही विंचूरकर वाड्यातून इथे आला, आणि त्याच्यापुढच्या व्याख्यानांना चौक मिळाला. देवनागरीच्या शेकडो खिळ्यांमुळे छपाई मंदावते, म्हणून ते कमी कसे करता येतील यावर टिळकांनी बराच विचार केला होता. छापखाना घराशेजारी नव्हे, घरातच असलेल्या माणसाला हा प्रश्न रोज दिसत असणार.

झडती, सुटका आणि साठी

वंगभंगाविरुद्धची चळवळ त्याच वर्षी, १९०५ मध्ये, पेटली. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य या चतुःसूत्रीचा प्रचार महाराष्ट्रात झाला तो मुख्यतः ‘केसरी’तून. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. २४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या त्यांच्या घराची पोलिसांनी झडती घेतली. तीत स्फोटक द्रव्यांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड मिळाले, आणि सरकारी वकिलांनी ते पुरावा म्हणून न्यायालयात मांडले. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी पुस्तकांची नावे टिपून ठेवली होती, हे टिळकांचे उत्तर होते. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. ते तिकडे असताना, १९१२ मध्ये, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या.

१६ जून १९१४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांनी टिळकांना याच वाड्याच्या दाराशी आणून सोडले. गर्दी जमू नये म्हणून सरकारने ही वेळ निवडली होती. सकाळी बातमी फुटली आणि लोटलेली गर्दी अडवणे कोणालाच शक्य झाले नाही. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ पुढच्या वर्षी, १९१५ मध्ये, पुण्यातून प्रसिद्ध झाले.

२३ जुलै १९१६ हा या वाड्याच्या इतिहासातला आणखी एक मोठा दिवस. टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली होती. वाड्यात समारंभ झाला, आणि जनतेने जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. ती रक्कम त्यांनी राष्ट्रकार्याला दिली. त्याच दिवशी सरकारची नोटीसही आली: चांगल्या वर्तनाचा वीस हजारांचा जातमुचलका का घेऊ नये, याचे कारण दाखवा. होमरूलची भाषणे हे त्याचे निमित्त होते. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत सरदारगृहात वारले. वाड्याचे काम मात्र थांबले नाही. न. चिं. केळकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी ‘केसरी’ चालू ठेवला. वाड्याजवळून जाणारा रस्ता आज केळकरांच्या नावाने आहे. संस्थेचे ग्रंथालय वाढले. टिळकांच्या वापरातल्या वस्तू, पत्रे आणि कागदपत्रे यांचे संग्रहालय झाले. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम कामा यांनी फडकवलेला हिंदुस्थानचा झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला, आणि तो याच संग्रहात जतन करण्यात आला. दरवर्षी अनंत चतुर्दशीला मानाचा पाचवा गणपती पालखीतून इथूनच निघतो.

जे गेले ते कशामुळे

या वाड्याच्या जोडीला पुण्यातल्या इतर वाड्यांची कहाणी ठेवली की राहण्या-जाण्याची कारणे स्पष्ट होतात.

पहिले कारण आग. लाकडी सांगाडा वाड्याचे बळ, तोच त्याचा धोका. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागवाडा मात्र वाचला आणि दुरुस्त झाला. पेशवाईनंतर, १८२१ मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली; पुढे शाळा, मग सरकारी आणि महापालिकेची कार्यालये आली. त्याला सतत काम होते, म्हणून दुरुस्त करणारेही होते.

दुसरे कारण पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. नारायण पेठेत हाहाकार झाला. तासन् तास पाण्यात उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंती विरघळल्या आणि वाडे कोसळले. दगडी जोती बहुतेक ठिकाणी जागेवरच राहिली. पुराने वाड्याच्या बांधणीतला बळकट भाग कोणता आणि दुबळा कोणता, हे निर्दयपणे दाखवून दिले.

तिसरे कारण कायदा आणि हिशेब, आणि त्यानेच सर्वांत जास्त वाडे घेतले. सरदारांची मिळकत संपल्यावर वाड्यांत बिऱ्हाडे आली. एका चौकाभोवती दहा-पंधरा कुटुंबे राहू लागली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. भाडेकरूंना त्याने निवारा दिला, ते योग्यच होते. पण त्या भाड्यात एक तुळईसुद्धा बदलणे मालकाला परवडेना. छप्पर गळू लागले, सागवान कुजू लागले. वारसांची संख्या वाढत गेली आणि जागेची किंमत वाड्याच्या किमतीहून कित्येक पटींनी मोठी झाली. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने थोडी मोकळीक दिली, तोवर अनेक वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या.

केसरीवाड्याला या तिन्ही संकटांच्या काळातून नेणारी गोष्ट म्हणजे एकसंध मालकी आणि अखंड काम. वाडा एका संस्थेच्या हाती राहिला, वारसांत वाटला गेला नाही. तिथे रोज माणसे कामाला येत राहिली. रोजचा वावर असलेल्या घरात गळणारे कौल लगेच दिसते आणि बदलले जाते. बंद घरात तेच कौल तीन पावसाळ्यांत तुळई खाऊन टाकते. वारसा जपायचा म्हणजे वास्तूला कुलूप लावून फलक लावायचा, ही समजूत या वाड्याने खोटी ठरवली आहे.

वाडा वाचायला शिका

पुण्याच्या पेठांत अजूनही काही वाडे उभे आहेत, आणि ते पाहताना थोड्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर दगडालाकडाचा इतिहास आपल्याला उलगडता येतो. जोत्याचे चिरे घडीव आहेत की अनघड, त्यावरून बांधणाऱ्याची ऐपत कळते. खांबाखाली दगडी तळखडा आहे का, ते पाहावे. छपरावर मंगळुरी कौले असतील तर निदान छप्पर तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे आहे, कारण ती कौले त्यानंतरच आपल्याकडे आली. ओतीव लोखंडाचे कठडे आणि काचेची तावदाने ही इंग्रजी अमदानीतली भर. भिंतीला सिमेंटचा गिलावा दिसला तर ती दुरुस्ती अलीकडची, आणि बहुधा चुकीची.

ज्या कुटुंबांकडे वाडा आहे त्यांच्यापुढचे प्रश्न खरे आहेत. प्रत्येक वाडा वाचवता येणार नाही. पण पाडण्याचा निर्णय झालाच, तर त्याआधी चार कामे आवर्जून करावीत. वास्तुविशारदाकडून वाड्याची मोजणी करून नकाशे काढून घ्यावेत. प्रत्येक चौक, खांब, महिरप आणि दार यांची छायाचित्रे घ्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून कोण कुठे राहत असे, कुठल्या खोलीत काय चाले, हे ध्वनिमुद्रित करावे. आणि माळ्यावरचे जुने मोडी कागद रद्दीत न टाकता भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावेत. या चार कामांना फारसा खर्च येत नाही, आणि ती एकदा राहून गेली की पुन्हा कधीही करता येत नाहीत.

ज्यांना वाडा राखायचा आहे त्यांनी केसरीवाड्याचा धडा घ्यावा: वाड्याला आधी काम द्या. ग्रंथालय, वर्ग, कचेरी, कार्यशाळा, काहीही चालेल. पण तिथे रोज दार उघडले गेले पाहिजे.